बांधणीचा कागद : सॉफ्टवेअरच्या जगातील एका पाल्हाळाचा इतिहास



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, मराठेशाही, शिक्षणविचार अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने झालेली आहेत. त्या मालिकेत सॉफ्टवेअरच्या बांधणीसाठी लिहिल्या जाणाऱ्या फाइलींचा इतिहास मांडणे काहीसे विचित्र वाटेल, याची मला कल्पना आहे. परंतु निमंत्रण देताना चिटणीसांनी ‘जन्मभर जे काम केलेत त्यावर बोला’ अशी आज्ञा केली. आणि माझ्या नोकरीचा मोठा भाग इतरांनी लिहून ठेवलेले प्रोग्रॅम नव्या यंत्रांवर पुन्हा उभे करण्यात गेला. शिवाय इंदुरातल्या आपल्या मराठी घरांतून दरवर्षी कितीतरी मुलेमुली पुणे, हैदराबाद, बंगळूर या शहरांत जाऊन हेच काम पत्करतात. पहिल्याच आठवड्यात त्यांच्यापुढे जी लांबलचक फाइल येऊन पडते आणि जिला पाहून त्यांचा जीव दडपतो, ती तशी का झाली हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम विषयाची ओळख करून द्यायला हवी. सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस जे लिहितो ते यंत्राला जसेच्या तसे चालविता येत नाही. शेकडो, कधी हजारो फाइलींत विखुरलेला तो मजकूर यंत्राला पेलेल अशा रूपात उतरवावा लागतो; त्याला इतरांनी तयार करून ठेवलेल्या लायब्रऱ्या जोडाव्या लागतात; चाचण्या घ्याव्या लागतात; आणि शेवटी सगळे एका गाठोड्यात बांधून ग्राहकाकडे धाडावे लागते. या सर्व खटाटोपाला धंद्यात ‘बिल्ड’ म्हणतात. मी आज त्याला बांधणी म्हणेन. ही बांधणी करणारी स्वतंत्र साधने असतात, आणि काय, कशातून, कोणत्या क्रमाने बांधायचे हे त्या साधनाला सांगणारा कागद म्हणजे बांधणीची फाइल. तिच्याविषयीची तक्रार जुनी आहे. ती फार लांबते, एका वाक्याच्या कामाला दहा ओळी खाते, तेच ते पुन्हा वदवून घेते, आणि त्यातले महत्त्वाचे कोणते व भरताड कोणती हे नवख्याला उमगू देत नाही.

ही तक्रार खोटी नाही. मात्र तिचा विचार करताना मला नेहमी जमिनीचे खरेदीखत आठवते. घरातल्या माणसाला ‘ओढ्याकडचा तुकडा’ एवढे म्हटले तरी पुरते; खरेदीखतात मात्र त्या तुकड्याची चतुःसीमा लिहावी लागते. पूर्वेस कोणाचे शेत, दक्षिणेस कोणता रस्ता, क्षेत्र किती, आकार किती. कारण तो कागद घरच्या माणसासाठी नसतोच. लिहून देणारा आणि घेणारा दोघेही हयात नसताना एखाद्या तिऱ्हाइताने तो वाचावा आणि त्याला नेमकी तीच जमीन सापडावी, यासाठी तो असतो. त्याच कागदात लिहिणाऱ्याने सवयीने घातलेली, पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेतलेली वाक्येही असतात. ती गाळली तरी कोणाचे काही अडत नाही. चतुःसीमा हा विस्तार, आणि ही वाक्ये हा पाल्हाळ. बांधणीच्या फाइलींचा जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास मला या दोहोंची गल्लत, आणि ती सोडविताना वेळोवेळी झालेली ओढाताण, असा दिसतो.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या बेल प्रयोगशाळेत झाला. युनिक्स ही संगणकप्रणाली तेथेच घडत होती. १९७६ साली तेथील स्ट्युअर्ट फेल्डमन यांच्याकडे त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन संतापून आले. प्रोग्रॅममधला दोष त्यांनी आधीच दुरुस्त केला होता. पण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाईल करायची राहून गेली, आणि बिनदोष मजकुरात दोष शोधण्यात त्यांची सबंध सकाळ वाया गेली. फेल्डमन यांनाही आदल्याच संध्याकाळी असाच अनुभव आलेला होता. त्यांनी यावर जे साधन तयार केले त्याचे नाव ‘मेक’. त्याची कल्पना साधी आणि अत्यंत सुंदर आहे. कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे एवढे लिहून ठेवायचे. मग मेक प्रत्येक फाइलीची शेवटच्या बदलाची वेळ पाहते आणि जे शिळे झाले असेल तेवढेच नव्याने बांधते. या कामाबद्दल फेल्डमन यांना २००३ साली असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशीनरी या संस्थेचे सॉफ्टवेअर प्रणालीचे पारितोषिक मिळाले. मेक आजही वापरात आहे.

मेकची फाइल आखूड असे. तिचे कौतुक करणारे आजही पुष्कळ आहेत आणि मीही त्यांतला एक आहे. पण ती आखूड का असू शकली याचा विचार करावा. लिहिणारे आणि वाचणारे एकाच प्रयोगशाळेतले, एकाच मजल्यावर चहा पिणारे लोक होते. कोणता कंपायलर, कोणत्या लायब्रऱ्या, त्या यंत्रावर कोठे ठेवलेल्या आहेत, हे सर्व घरचेच होते. लिहिण्याचे कारणच नव्हते. मेकच्या पोटात काही नियम आधीच घातलेले होते, तेही कागदावर दिसत नसत. ‘ओढ्याकडचा तुकडा’ म्हणण्यासारखाच हा प्रकार होता.

मेकमधल्या एका बारीकशा गोष्टीचे परिणाम मात्र फार दूरवर गेले. मेकच्या फाइलीत आज्ञेची प्रत्येक ओळ टॅबने सुरू व्हावी लागते. टॅबच्या जागी साध्या मोकळ्या जागा सोडल्या तर मेक रुसते, आणि पडद्यावर पाहणाऱ्याला दोहोंत काडीचा फरक दिसत नाही. ही खोड फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आली. पण तोवर काही आठवडे उलटून गेले होते, सुमारे डझनभर लोक मेक वापरू लागले होते, ते बहुतेक मित्रच होते, आणि त्यांच्या फाइली मोडू नयेत म्हणून फेल्डमन यांनी टॅब तसाच राहू दिला. बारा मित्रांचा संकोच जगभरातल्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या वाट्याला आला! जीएनयू मेकच्या २०१० साली निघालेल्या आवृत्तीत टॅबऐवजी दुसरे चिन्ह निवडण्याची सोय झाली, पण तिचा वापर करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

युनिक्स प्रयोगशाळेबाहेर पडली, तिच्या अनेक जाती झाल्या, आणि घरचे गृहीत धरण्याची सोय संपली. एका यंत्रावर जी सोय होती ती दुसऱ्यावर नसे, किंवा वेगळ्या नावाने असे. १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी यावर ‘ऑटोकॉन्फ’ हा उपाय काढला. प्रोग्रॅमबरोबर ‘कॉन्फिगर’ नावाची एक फाइल पाठवायची; ती नव्या यंत्रावर पोचल्यावर शेकडो प्रश्न विचारून तेथील परिस्थिती जाणून घेते आणि त्याप्रमाणे मेकची फाइल तयार करते. उपाय यशस्वी झाला यात शंका नाही. परंतु ही कॉन्फिगर फाइल माणसाने लिहिलेली नसते. एका छोट्या फाइलीतून ती यंत्राने प्रसवलेली असते आणि हजारो ओळी भरते. माणसाने न लिहिलेला आणि माणसाने कधीच न वाचायचा असा मजकूर बांधणीच्या कागदात अशा रीतीने प्रथमच मोठ्या प्रमाणावर शिरला. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

यानंतर जावा या भाषेचा काळ येतो, आणि आपला खरा विषयही. १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल या लेखनपद्धतीचे पहिले प्रमाणपत्रक प्रसिद्ध झाले. तिच्यात प्रत्येक माहिती कोनी कंसांत लिहिलेल्या नावाने उघडते आणि त्याच नावाने बंद होते. या पत्रकाच्या आरंभी कर्त्यांनी आपली दहा उद्दिष्टे दिली आहेत. कागद माणसाला वाचता यावा आणि स्पष्ट असावा, हे त्यांतले एक. आणि दहावे उद्दिष्ट असे की, लेखनातल्या संक्षेपाला अगदी कमी महत्त्व द्यावे. एक्सएमएलच्या लांबीवर पुढे जे चिडले त्यांनी हे दहावे कलम वाचायला हवे होते. लांबी तेथे नजरचुकीने आलेली नव्हती.

सन या कंपनीत जेम्स डंकन डेव्हिडसन हे टॉमकॅट या जावा-प्रोग्रॅमवर काम करीत होते. तो अनेक जातींच्या यंत्रांवर बांधता यावा ही गरज होती आणि मेक त्यासाठी अपुरे पडत होते. युरोपातून परतताना विमानप्रवासात त्यांनी नव्या साधनाचा पहिला आराखडा लिहिला. त्याचे नाव ‘अँट’. २००० सालच्या जुलै महिन्यात ते टॉमकॅटपासून वेगळे होऊन अपाची संस्थेतर्फे स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. अँटच्या पुस्तिकेत मेकच्या त्या टॅबची थट्टा केलेली आहे: आज्ञा का चालत नाही, टॅबच्या आधी एक मोकळी जागा पडली आहे म्हणून काय, असा वैतागलेला प्रश्न तेथे छापलेला आहे. बारा मित्रांसाठी राखलेल्या टॅबने चोवीस वर्षांनी नव्या साधनाला हातभार लावला, तो असा.

अँटची फाइल एक्सएमएलमध्ये होती, कारण ती वाचणारे यंत्र तयार मिळत होते. नवे घडवावे लागत नव्हते. त्या काळी हा निर्णय शहाणपणाचाच वाटला असणार. पण अँटमध्ये प्रत्येक पाऊल सांगावे लागे: ही फोल्डर तयार कर, ही फाइल तेथे ठेव, एवढे कंपाईल कर, आता गाठोडे बांध. कृती सांगायची आणि तीही कोनी कंसांत, म्हणजे पाककृती वकिली भाषेत लिहिण्यासारखे झाले. अमुक असेल तर असे कर, नाहीतर तसे, हे एक्सएमएलमध्ये सांगणे तर फारच अवघड. डेव्हिडसन यांनी स्वतःच पुढे लिहिले की, नंतर जे कळले ते तेव्हा ठाऊक असते तर एक्सएमएलऐवजी एखादी खरीखुरी प्रोग्रॅमिंगची भाषा वापरून पाहिली असती. कर्त्यानेच आपल्या कृतीविषयी असे मोकळेपणाने लिहिणे या धंद्यात दुर्मिळ आहे, म्हणून मी मुद्दाम नोंदवतो.

अँटच्या फाइली एकमेकांवरून उतरवल्या जाऊ लागल्या. एकाच संस्थेतल्या दहा प्रकल्पांच्या दहा फाइली, प्रत्येक थोडी वेगळी, आणि तो फरक का आहे ते कोणालाच सांगता येत नाही, अशी स्थिती आली. अपाचीच्याच टर्बाइन या प्रकल्पात हे अनुभवल्यावर जेसन व्हॅन झिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मावेन’ हे साधन उभे केले. त्याची पहिली पक्की आवृत्ती २००४ साली आणि मुळापासून नव्याने लिहिलेली दुसरी आवृत्ती २००५ साली निघाली. मावेनने प्रश्नच बदलला. कसे बांधायचे ते सांगू नका, ते मला ठाऊक आहे. तुम्ही काय आहात आणि कोणावर अवलंबून आहात एवढेच सांगा. मजकूर ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवला की मग त्याबद्दल एक अक्षरही लिहायला नको. तेव्हा पाल्हाळाबद्दल सर्वांत बदनाम झालेले हे साधन मुळात पाल्हाळ कमी करण्यासाठीच जन्माला आले होते.

मावेनच्या फाइलीचे नाव ‘पोम’. विद्यार्थ्यांना माहीत असावे म्हणून तिचे थोडे वर्णन करतो. आरंभी हा कागद कोणत्या नमुन्यातला आहे हे सांगणाऱ्या, इंटरनेटवरच्या पत्त्यांसारख्या दिसणाऱ्या दोनतीन ओळी असतात. त्यानंतर प्रकल्पाची ओळख तीन भागांत: गटाचे नाव, वस्तूचे नाव, आवृत्ती. मग ज्या ज्या लायब्ररीवर प्रकल्प अवलंबून आहे तिचीही ओळख त्याच तीन भागांत. एका लायब्ररीसाठी कंस उघडणारी एक ओळ, ओळखीच्या तीन, आणि कंस बंद करणारी एक, अशा पाच ओळी होतात. चाळीस लायब्रऱ्या म्हणजे दोनशे ओळी, आणि एवढे सांगूनही अजून प्रोग्रॅमविषयी काहीच सांगितलेले नसते.

जे चिडतात त्यांची बाजू येथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण मीही वर्षानुवर्षे चिडलेलो आहे. त्या पाच ओळींत खरी माहिती तीन शब्दांची. बाकीचा कंसांचा पसारा डोळ्यांना थकवितो. ठरीव रीतीपासून थोडे जरी बाजूला जायचे असेल तर ‘प्लगिन’ नावाचे पुरवणी-साधन जोडावे लागते आणि त्याच्या जुळवाजुळवीला पन्नास-साठ ओळी सहज लागतात. त्या ओळी कोणी स्वतः लिहीत नाही. कोठून तरी उचलतो. दोघांनी एकाच वेळी ती फाइल बदलली की दोन्ही बदल एकत्र करताना सगळे कंस जुळवीत बसावे लागते. काही गोष्टी तर फाइलीत दिसतही नाहीत. त्या वरच्या पिढीतल्या, म्हणजे ‘पेरेंट’ पोममधून वारशाने आलेल्या असतात, आणि त्या शोधायला आणखी एक लांब फाइल उघडावी लागते. लिहायला लांब आणि तरी अपुरी, असा दुहेरी जाच.

या वैतागातून ‘ग्रेडल’ आले. हान्स डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या या साधनाची पहिली पक्की आवृत्ती २०१२ सालची. लगेच २०१३ साली गूगलने अँड्रॉइडच्या नव्या साधनासाठी ग्रेडलच निवडले, त्यामुळे मोबाईलसाठी लिहिणाऱ्या बहुतेक तरुणांची पहिली ओळख त्याच्याशीच होते. ग्रेडलची फाइल ‘ग्रूव्ही’ नावाच्या भाषेतला एक प्रोग्रॅमच असते. पुढे कोट्लिन भाषेतही ती लिहिता येऊ लागली. पाच ओळींची लायब्ररी एका ओळीत मावते. अट घालायची असेल तर अट घाला, शंभर वेळा करायचे असेल तर तसे सांगा. डेव्हिडसन यांना जे मागाहून सुचले तेच येथे झाले. फाइली आखूड झाल्या, लिहिणारे सुखावले.

पण आता वाचणाऱ्याचे काय झाले? पोमच्या फाइलीत जे लिहिले आहे ते आहे. ती माणसाने वाचावी, दुसऱ्या एखाद्या यंत्राने वाचावी. न चालविता तिच्यातून चतुःसीमा कळते. ग्रेडलच्या फाइलीत लायब्ररीची आवृत्ती एखाद्या गणितातून, एखाद्या अटीतून, दुसऱ्या फाइलीत लिहिलेल्या युक्तीतून ठरू शकते. शेवटी काय ठरले हे खात्रीने कळण्यासाठी तो प्रोग्रॅम चालवावाच लागतो, आणि चालविण्यासाठी तो चालेल असे सगळे वातावरण आधी उभे करावे लागते. लिहिणाऱ्याने वाचविलेल्या ओळी वाचणाऱ्याच्या खात्यात नावे पडतात.

माझ्या पाहण्यातले एक काम सांगतो. परदेशातल्या एका कंपनीने, तिचे नाव घेण्याचे कारण नाही, आपले दोन जुने जावा-प्रोग्रॅम नव्या यंत्रांवर हलविण्याचे काम आमच्याकडे सोपविले. दोन्ही लिहिणारी माणसे केव्हाच सोडून गेलेली. पहिल्याची बांधणी अर्ध्या पानाच्या आज्ञांवर चाले. वाचायला इतकी सुटसुटीत की पाहताच बरे वाटावे. परंतु त्या आज्ञांत एका गेलेल्या माणसाच्या वैयक्तिक फोल्डरचा पत्ता होता, तेथे सहा लायब्रऱ्या होत्या, आणि त्यांच्या नावांत आवृत्तीचा आकडा नव्हता. त्या कोणत्या आवृत्त्या हे ठरविण्यासाठी आमच्या दोन मुलांनी प्रत्येक लायब्ररीच्या प्रसिद्ध झालेल्या सगळ्या आवृत्त्या उतरवून घेतल्या आणि एकेक बरोबर ताडून पाहिली. पाच जुळल्या. सहावी कशाशीच जुळेना. ती बहुधा कोणीतरी हाताने बदललेली असावी. तीन आठवडे गेले. दुसऱ्या प्रोग्रॅमची पोम हजार ओळींच्या घरातली, पाहून अंगावर काटा यावा अशी. तो दोन दिवसांत उभा राहिला. त्या हजार ओळींतला एक साठ ओळींचा तुकडा कशासाठी आहे ते कोणालाच कळेना. धीर करून तो काढला, आणि कशातच काही फरक पडला नाही. तो पाल्हाळ. मात्र त्याच फाइलीत एका लायब्ररीच्या ओळीवर कोणीतरी दोन वाक्यांची टीप लिहिली होती: याच्या पुढची आवृत्ती घेऊ नये, कारण तारखांचा हिशेब चुकतो. त्या दोन वाक्यांनी आमचे किती दिवस वाचविले याची मोजदाद नाही.

ओघात आले म्हणून सांगतो. जावास्क्रिप्टच्या जगात बांधणीची माहिती जेसन या पद्धतीने लिहितात. ती एक्सएमएलपेक्षा कितीतरी आटोपशीर आहे. परंतु तिच्यात टीप लिहिण्याची सोयच नाही. जेसनचे कर्ते डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती जाणूनबुजून काढली, कारण लोक टिपांच्या जागी यंत्रासाठीच्या सूचना घालू लागले होते. त्यांचे कारण समजण्यासारखे आहे. पण ‘काय’ लिहायचे आणि ‘का’ लिहायला जागा ठेवायची नाही, हा काटकसरीचा प्रकार मला मानवत नाही.

मघाशी म्हटलेल्या चतुःसीमेची कसोटी लागली ती २०२१ च्या डिसेंबरात. ‘लॉगफोरजे’ ही जावाच्या जगात अतोनात वापरली जाणारी लायब्ररी. प्रोग्रॅम काय करीत आहे याची रोजनिशी ठेवणे हे तिचे काम. तिच्यात असा दोष उघडकीस आला की, रोजनिशीत विशिष्ट मजकूर शिरविला तर दूरवरचा माणूस ते यंत्र आपल्या ताब्यात घेऊ शकत असे. गांभीर्याच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा गुण मिळाले. दोष आणि त्याच्या आसपास सापडलेल्या इतर उणिवा बुजविण्यासाठी त्या एका महिन्यात चार सुधारित आवृत्त्या काढाव्या लागल्या. पण सुधारित आवृत्ती हाती असूनही जगातल्या प्रत्येक कंपनीपुढे प्रश्न होता तो वेगळाच: ही लायब्ररी आपल्याकडे आहे का, आणि असली तर कोठे? बहुतेकांनी ती स्वतः मागविलेली नव्हती. त्यांनी मागविलेल्या लायब्ररीने दुसरी मागविली, तिने तिसरी, आणि तिने ही.

१७ डिसेंबरला गूगलच्या एका गटाने मोजणी प्रसिद्ध केली. मावेनच्या मध्यवर्ती भांडारातल्या ३५ हजारांहून अधिक वस्तू, म्हणजे एकूण भांडाराच्या ८ टक्क्यांहून जास्त, या ना त्या मार्गाने लॉगफोरजेवर अवलंबून होत्या. त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक ठिकाणी ती एकापेक्षा जास्त पायऱ्या खाली दडलेली होती. दोनच दिवसांनी, प्रत्यक्ष दोष असलेल्या भागापुरती मोजणी केल्यावर हा आकडा सुमारे १७ हजारांवर आला. एवढी मोठी आणि इतकी बारकाईची मोजणी आठवड्याभरात शक्य झाली, कारण भांडारात ठेवलेल्या प्रत्येक वस्तूसोबत तिची पोम होती आणि तीत ती रटाळ तीनभागी ओळख लिहिलेली होती. एकही प्रोग्रॅम न चालविता, केवळ कागद वाचून पायऱ्यामागून पायऱ्या उतरता आल्या. ज्या कंपन्यांकडे स्वतःच्या प्रोग्रॅमांचे असे कागद होते त्यांना ‘आमच्याकडे कोठे आहे’ याचे उत्तर शोधण्यास निदान एक जागा होती. ज्यांनी लायब्रऱ्या हाताने उचलून फोल्डरमध्ये टाकलेल्या होत्या, त्यांना प्रत्येक यंत्राची झडती घ्यावी लागली.

याच्या नेमके उलट उदाहरण २०२४ च्या मार्चचे आहे, आणि ते सांगितल्याविना विस्ताराची बाजू घेणे एकांगी होईल. ‘एक्सझेड’ हे फाइली दाबून लहान करणारे, जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर असणारे छोटे साधन. त्याची बांधणी ऑटोकॉन्फच्या जुन्या पद्धतीने होई. टोपणनावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ त्या प्रकल्पात निमूट काम करून विश्वास संपादन केला, आणि मग त्याच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविला. तो प्रोग्रॅमच्या मजकुरात सरळ लिहिलेला नव्हता. चाचण्यांसाठी ठेवलेल्या निरर्थक वाटणाऱ्या फाइलींत तो दडविलेला होता, आणि तेथून तो बाहेर काढून बांधणीत मिसळण्याची किल्ली बांधणीच्या एका साहाय्यक फाइलीत होती. सर्वांना पाहता येणाऱ्या मूळ भांडारात त्या फाइलीतला हा बदल नव्हता. प्रसिद्धीसाठी तयार केलेल्या गाठोड्यातच तो होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्या अर्ध्या सेकंदाचा त्यांनी चिकाटीने माग काढला आणि २९ मार्चला हे उघड केले.

किल्ली तेथेच का दडविली? कारण तो भाग कोणी वाचत नाही. यंत्राने प्रसवलेल्या, अगम्य खुणांनी भरलेल्या हजारो ओळींत आणखी चारदोन ओळी कोणाच्या डोळ्यांवर येणार? आपल्या जुन्या पत्रव्यवहारात मजकूर संपला की खाली मर्यादामुद्रा उठवीत, ती याचसाठी, की मुद्रेखाली मागाहून कोणी ओळ घुसडू नये. ती मुद्राही उपयोगी पडे ती मजकूर वाचला जाई म्हणूनच. जो कागद कोणीच वाचत नाही त्यावरच्या मुद्रेकडेही कोण पाहणार? लॉगफोरजेच्या वेळी ज्या लांबीने वाचविले आणि एक्सझेडच्या वेळी ज्या लांबीने दगा दिला, त्या दोन वेगळ्या जातीच्या आहेत. एक तिऱ्हाइताला वाचता यावी म्हणून लिहिलेली. दुसरी कोणी वाचणार नाही हे धरूनच तयार झालेली.

अलीकडे दोन्ही साधनांच्या कर्त्यांना या गोष्टीची जाणीव झालेली दिसते. ग्रेडलने आधी लायब्रऱ्यांची नावे आणि आवृत्त्या वेगळ्या, साध्या यादीत लिहिण्याची सोय केली. त्या यादीत ना अट, ना गणित, केवळ नोंदी. २०२३ च्या अखेरीस तर ग्रेडलच्याच मंडळींनी, बांधणीची फाइल प्रोग्रॅम न राहता केवळ निवेदन असावी, अशा नव्या रूपावर काम सुरू केल्याचे जाहीर केले. म्हणजे दशकभराच्या मोकळिकीनंतर गाडी पुन्हा त्याच वळणावर आली आहे. फक्त कोनी कंस तेवढे मागे राहिले.

मावेनने दुसऱ्या टोकाकडून वाट काढली. २००५ साली दुसऱ्या आवृत्तीबरोबर ठरलेला ४.०.० हा पोमचा नमुना तिसऱ्या आवृत्तीतही तसाच चालू राहिला होता, कारण भांडारातल्या असंख्य वस्तू आणि त्या वाचणारी असंख्य साधने त्यावर विसंबून होती. फेल्डमन यांचे बारा मित्र येथे काही लक्ष झाले होते. म्हणून चौथ्या आवृत्तीची आखणी करताना एका कागदाचे दोन केले गेले: बांधणाऱ्याने आपल्यापुरता लिहावयाचा एक, आणि जगासाठी प्रसिद्ध व्हावयाचा दुसरा. पहिल्यात, शेजारच्याच फोल्डरमध्ये असलेल्या पेरेंट पोमची आवृत्ती वगैरे उघड गोष्टी गाळण्याची सवलत आहे आणि त्यासाठी नवा नमुना दिलेला आहे. दुसरा कागद साधन स्वतः तयार करते. त्यात गाळलेले सगळे भरलेले असते, आणि तो जुन्या ४.०.० नमुन्यातच, पूर्ण चतुःसीमेसह, भांडारात जातो.